पाच लाखांत जुनी फोर बाय फोर: जिप्सी, थार, एमएम ५४०, गुरखा की डस्टर?

माझ्या मावसभावाची वेल्ह्याकडे थोडी जमीन आहे. डांबरी संपली की पुढं तीनेक किलोमीटर मातीचा रस्ता, मध्ये एक ओढा आणि शेवटी घराकडं जाणारी उभी चढण. उन्हाळ्यात तिथं कुठलीही गाडी जाते. पाऊस सुरू झाला की त्याची हॅचबॅक डांबरीवरच राहते, खताच्या गोण्या असतील तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची वाट बघायची. यंदा त्यानं ठरवलं की जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची, बजेट पाच लाख, त्यात ट्रान्सफर, टायर, किरकोळ कामं सगळं आलं. गेले चार महिने आम्ही दोघं गाड्या बघत फिरतोय, त्याआधी माझी स्वतःची दोन जुन्या गाड्यांवर बरीच वर्षं गेलीत, त्यामुळं जे कळलंय ते सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला महिन्याला दोघं-तिघं तरी विचारतात.

सगळ्यात आधी बजेटचं. पाच लाख असतील तर गाडी पावणेचार लाखाचीच बघा. वरचे सव्वा लाख गाडीत जाणारच आहेत, चार टायर, सगळी ऑइलं, क्लच, ब्रेक, एखादा सील, शाफ्टच्या जोडाचे दोन क्रॉस, बॅटरी. पाचच्या पाच लाख मालकाच्या हातात ठेवून गाडी आणणारे लोक मी बघितलेत, त्यांची गाडी पहिला पावसाळा गॅरेजमध्येच काढते.

आता या पाचांपैकी प्रत्येक गाडी काय आहे ते थोडक्यात, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मारुती जिप्सी १९८५ ला आली ९७० सीसी इंजिन घेऊन, १९९६ ला १.३ लिटरची किंग आली आणि २००० च्या सुमारास तीच एमपीएफआय झाली, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, ८० बीएचपीची. २०१९ ला बंद पडली. घ्यायची तर एमपीएफआयच घ्या, कार्ब्युरेटरवाल्या चांगल्या असतात पण ट्युनिंग करणारे हात आता कमी राहिलेत. महिंद्रा थार म्हणजे इथं २०१० ते २०२० ची जुनी थार, तीही सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल इंजेक्शनचं २.५ लिटर डिझेल, १०५ बीएचपी. २०२० ची नवीन थार या बजेटच्या आसपास पण येत नाही. एमएम ५४० म्हणजे आपली खरीखुरी जीप, बहुतेकांत प्यूजोचं २११२ सीसी एक्सडीपी डिझेल. फोर्स गुरखा, २०१३ नंतरची, मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ वरून आलेलं २.६ लिटर डिझेल. आणि रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांवर चालणारी डस्टर, २०१४ ला आली, १.५ डिझेल ११० पीएस, २०२० ला बीएस ६ आल्यावर रेनॉनं डिझेलच बंद केलं म्हणून तीही गेली.

भावाला सुरुवातीला थारच पाहिजे होती. सगळ्यांनाच पाहिजे असते. म्हणून चिखलापासून सुरुवात करतो, कारण तिथंच गाड्यांमधला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो.

चिखलात पहिला हिशोब वजनाचा. जिप्सीचं वजन एक टनाच्या आतच, ९८५ किलो. थार दीड टनाच्या बरीच वर, गुरखा तिच्याहून जड. मावळ-मुळशी-वेल्ह्याकडच्या पावसाळी मातीत जड गाडी रुतते आणि एकदा चासी चिखलाला टेकली की चारही चाकं जागेवर फिरत बसतात. जिप्सी त्याच चिखलावरून वरच्यावर निघून जाते, आणि रुतलीच तरी चार माणसं ढकलून काढतात. हे मी कितीतरी वेळा बघितलंय. थार रुतली की दुसरी गाडी, पट्टा आणि टोचन. एकटा माणूस शेतावर जाणार असेल, पलीकडं मोबाईलला रेंज नसेल, तर ही गोष्ट बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी आहे.

पण चढण आली की गोष्ट बदलते. जिप्सीचं इंजिन वरच्या आरपीएमवर ताकद देतं, १०३ न्यूटन मीटर टॉर्क तोही ४५०० ला, आणि तिचा लो गियर, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारा फोर बाय फोरचा वेगळा गियर, हाय गियरच्या दीडपटीच्या जरासाच वर आहे. म्हणजे दगडी चढणीवर मुंगीच्या पावलानं चढायला सांगितलं तर ती बंद पडते, तिला थोडं रेस करून, थोडा वेग ठेवून काढावं लागतं, आणि नवीन माणूस तिथं क्लच जाळतो. थारचा टॉर्क २४७, तोही १८०० पासून, आणि ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या खोक्याचा, लो जवळपास अडीचपट. पहिल्या गियरला लो टाकून क्लचवरचा पाय काढा, ॲक्सिलरेटरला हात न लावता ती चढत राहते. एमएम ५४० पण तशीच, लो अडीचपटीच्या जवळ, इंजिन अशक्त पण खालीच ओढणारं, घाई नसेल तर कुठंही चढते. उतारावर तर याचा फायदा अजून मोठा, ओल्या मातीच्या उतारावर ब्रेक न दाबता इंजिनवर गाडी धरून ठेवणं डिझेलवाल्यांना जमतं तसं जिप्सीला जमत नाही.

गुरखाला एक गोष्ट अशी आहे जी बाकी चौघींकडं नाही, पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक कंपनीतूनच. एक चाक हवेत लटकलं की साध्या गाडीत सगळी ताकद त्याच चाकाला जाते आणि गाडी उभी राहते. लॉक टाकला की जमिनीवरच्या चाकाला ओढावंच लागतं. शिवाय स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप, कंपनीचाच. खड्डे, मोठे दगड, नाल्याचं पात्र अशा ठिकाणी दर आठवड्याला जाणार असाल तर गुरखासमोर बाकीच्या फिक्या आहेत, हे मी जिप्सीप्रेमी असून सांगतो. थारला २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागं आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक आला, म्हणून थार घेत असाल तर २०१५ नंतरचीच शोधा, वर्षभराच्या फरकात किंमत थोडीच वाढते पण गाडी बरीच बदलते. मात्र थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, टॉर्शन बारचं, मागं पाटे. खोल चाकोरीत पुढचं चाक हवेत लवकर जातं. त्याच सस्पेन्शनमुळं ती हायवेवर जिप्सीपेक्षा किती सुसह्य आहे हे ताम्हिणी उतरताना कळतं.

डस्टर एडब्ल्यूडीबद्दल लोक एकतर फार नाक मुरडतात नाहीतर फार कौतुक करतात. तिला लो गियर नाही. पहिला गियर मुद्दाम छोटा दिलाय, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, लॉक मोड आहे, आणि मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट. ओला मातीचा रस्ता, निसरडं गवत, थोडा चिखल, उथळ ओढा, हे ती आरामात करते. पण मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच आहे, चिखलात दहा मिनिटं चाकं फिरवत बसलात तर तो तापतो आणि गाडी टू व्हील होऊन बसते, ती थंड होईपर्यंत थांबावं लागतं. माझा अनुभव असा की 'मला ऑफरोडर पाहिजे' म्हणणाऱ्या दहापैकी सहा-सात जणांची गरज एवढीच असते. गावचं घर, मळ्याचा रस्ता, कोकणातल्या जांभ्या दगडाच्या वाटा. त्यांनी डस्टर घेतली तर वर्षभर सुखात राहतील, कारण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस पण गाडी चालवायचीच असते.

आणि ते सहा दिवस लोक विसरतात. पुणे ते वेल्हे साधारण दीड-दोन तास. जिप्सीत पॉवर स्टिअरिंग नाही, कंपनीचा एसी नाही, चारही बाजूला पाटे, ऐंशीच्या वर गेली की वारा आणि आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. मागं आडव्या सीटवर पोरं बसवून मी तरी लांब जाणार नाही. थारला एसी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, नव्वदला निवांत चालते, पण मागच्या सीट तिच्याही समोरासमोर आडव्याच, आणि एअरबॅग नाहीत, एबीएससुद्धा अगदी शेवटी २०१९ ला आलं. एमएम ५४० हायवेला साठ-पासष्टची गाडी आहे, त्याच्या वर तिलाही त्रास आणि तुम्हालाही. यात डस्टर एकटीच अशी की बायकोपोरं, सामान घेऊन गोव्याला जाऊन या. सुरक्षेच्या बाबतीत इथं खरंच तुलना नाही. घरात दुसरी गाडी नसेल आणि लहान मुलं असतील तर मी जिप्सी किंवा जीप घ्या असं कुणालाही सांगत नाही, कितीही आवडत असली तरी.

इंधनाचं म्हणाल तर जिप्सी पेट्रोलवर आणि आमच्याकडं नऊ-दहाच्या वर देत नाही, लो लावून चिखलात फिरलात तर अजून कमी. थार अकरा-बारा, डस्टर पंधराच्या आसपास. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणार असेल तर या फरकावर डोकं खपवू नका. रोज चालवणार असाल तर खपवा.

मेकॅनिक आणि पार्ट. एमएम ५४० चं काम तालुक्याच्या गावातला कुठलाही जुना मिस्त्री करतो, हातोडी, पाना, जॅक एवढ्यावर, पार्ट स्वस्त. पण आता ती गाडी सतत काहीतरी मागणारी आहे, ज्याला स्वतः हात काळे करायला आवडतात त्यानंच घ्यावी. जिप्सीची इंजिनं तर फारच सरळ, पार्ट पुण्या-मुंबईत मिळतात, ताडोबा-पेंचकडं सफारीच्या जिप्सी इतकी वर्षं धावतायत त्यामुळं विदर्भात तर तिचे जाणकार मिस्त्री भरपूर. थारचं महिंद्राचं जाळं मोठं, गावोगाव मेकॅनिक, फक्त कॉमन रेल म्हणजे इंजेक्टर आणि पंपाला भेसळीचं किंवा पाणी गेलेलं डिझेल अजिबात चालत नाही, तिथं बिल मोठं येतं. गुरखा आकुर्डीच्या कंपनीची असूनही संख्या कमी विकली गेली, त्यामुळं बॉडीचे, काचांचे, आतले बारीक पार्ट शोधत बसावं लागतं, इंजिनाचं मात्र त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाड्यांमुळं सोपं आहे. डस्टरचं १.५ इंजिन अनेक गाड्यांत होतं म्हणून त्याची काळजी नाही, एडब्ल्यूडीचा मागचा भाग मात्र खर्चिक, घेण्याआधी दोनदा तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गंज. यावर मी जास्त बोलणार कारण यातच माझे पैसे गेलेत. पहिली गाडी घेताना मी इंजिनाचा आवाज ऐकला, रंग बघितला, टायर बघितले आणि खूश होऊन आणली. किनाऱ्यालगतची गाडी होती, नुकतंच खालून काळं अंडरकोटिंग मारलेलं. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ चासीला भेग पडली. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. इंजिन गेलं तर इंजिन बांधता येतं, गियरबॉक्स दुसरा बसतो, चासी कुजली तर गाडी संपली. म्हणून आता मी गाडी बघायला गेलो की बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो. आधी चटई टाकून खाली जातो. पाटे जिथं चासीला मिळतात ते कोपरे, बॉडी माउंट, मागचा क्रॉस मेंबर, स्टिअरिंग बॉक्सच्या आजूबाजूचा भाग, छोट्या हातोडीनं टकटक करत जायचं. चांगलं लोखंड टणटणतं, कुजलेलं भसभस वाजतं. खाली ताजं काळं रंगकाम दिसलं तर तिथं जास्त ठोकायचं. आतून कार्पेट उचलून फ्लोअर बघायचा, जिप्सीचा फ्लोअर आणि विंडशील्डच्या खालची कड, थारच्या दाराखालच्या पट्ट्या, जीपचा तर सगळाच. मालक ठोकू देत नसेल तर चहा पिऊन निघा.

मग फोर बाय फोर खरंच चालतं का. निम्म्या गाड्यांत मालकालाच माहीत नसतं, कारण त्यानं कधी टाकलेलंच नसतं. डांबरीवर टेस्ट करू नका, डस्टर सोडून या सगळ्या पार्ट टाइम आहेत, कोरड्या डांबरीवर फोर व्हील लावून वळवलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. मोकळ्या मातीच्या जागेवर न्या. फोर हाय टाकून पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवा, गाडी अडखळल्यासारखी, आवळल्यासारखी वाटली पाहिजे, वाटली म्हणजे पुढचा ॲक्सल ओढतोय. मग थांबून लो टाका आणि पहिल्यात सोडा. कटकट आवाज किंवा लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. थारमध्ये पुढचे हब, म्हणजे चाकाला ॲक्सलशी जोडणारे लॉक, व्हॅक्यूमवर लागतात, पाइप फाटले की लिव्हर टाकूनही पुढची चाकं मोकळीच राहतात, खूप जणांनी म्हणूनच हातानं फिरवायचे मॅन्युअल हब लावलेले असतात आणि ते लावलेले असतील तर चांगलीच गोष्ट समजा. जिप्सीत पुढच्या नकलच्या, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याच्या, गोळ्यावरून ग्रीस-ऑइलचं काळं मिश्रण गळताना दिसेल, सील गेलंय. साठच्या वेगाला स्टिअरिंग थडथडा हलत असेल तर त्याच सांध्याचं किंगपिन बेअरिंग बघा. आणि शक्य असेल तर डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघायला सांगा, दुधी चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, म्हणजे ओढ्यात घातलेली गाडी आहे आणि नंतर कुणी ऑइल बदललेलं नाही.

थार बघताना अजून एक. थार डीआय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनची पण यायची, ६३ बीएचपीची, त्यात टू व्हील पण होत्या. सीआरडीईचा बिल्ला लावून डीआय दाखवणारे भेटतात. आरसीवर मॉडेल वाचा, आणि गियर लिव्हरशेजारी ट्रान्सफरचा दुसरा लिव्हर आणि खाली पुढचं डिफरन्शियल डोळ्यांनी बघा.

कागदांत लोक सगळ्यात जास्त फसतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी रिन्यू. २०२२ ला या रिन्यूअलची फी ६०० वरून ५००० झाली, वर पर्यावरण कर. २०११ ची थार घेत असाल तर तिची १५ वर्षं २०२६ ला संपतात, तो खर्च आणि धावपळ किमतीतून वजा करून घ्या, रिन्यूअल मालकाकडून करून मग घेतली तर सगळ्यात बरं. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या दिल्लीतल्या बंदीमुळं तिकडच्या बऱ्याच थार, डस्टर स्वस्तात इकडं आल्यात, गंजाच्या बाबतीत त्या कोकणातल्यांपेक्षा चांगल्या असतात, पण फॉर्म २८ ची एनओसी म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथला टॅक्स, पासिंग, एजंट हे धरून हिशोब करा, साठ-सत्तर हजारांची बचत तिथंच संपते असं दोन गाड्यांच्या बाबतीत आम्ही मांडून बघितलं. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. आर्मी डिस्पोजलची म्हणून जीप विकत असतील तर चासी नंबर चासीवर स्वतः वाचा, घासून पेन्सिलनं ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. जुळलं नाही तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

मॉडिफाय केलेली गाडी बघून पोरं भारावतात. मोठे टायर, पुढं लोखंडी गार्ड, विंच, छत बदललेलं. बुल बारवर २०१७ पासून बंदी आहे आणि कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळी बॉडी केलेली गाडी फिटनेसला अडकते. वर मोठे टायर लावून गियरिंग न बदललेल्या जिप्सीचा जीव अजून कमी होतो, आधीच लो कमी, त्यात टायर मोठा. जिप्सीला २०५/७० आर १५, थारला २३५/७० आर १६ हेच मूळ साइझ ठेवून फक्त चांगल्या खाचांचे टायर घाला, चिखलात हवा वीसच्या आसपास उतरवा आणि डांबरीवर येताच भरा, यानं जेवढा फरक पडतो तेवढा लाखभराच्या ॲक्सेसरीजनं पडत नाही. स्टॉक गाडी शोधायला वेळ लागतो, लागू द्या.

आता भावाचं. त्याच्या घरी हॅचबॅक आहेच, मुलं तिच्यातून जातात, शेतावर बहुतेक वेळा तो एकटा नाहीतर गड्याबरोबर. ओझं म्हणजे चार-पाच गोण्या. रस्ता चिखलाचा, दगड कमी, चढण एकच. बजेटमधल्या ज्या थार आम्हाला दाखवल्या त्या एकतर २०१२-१३ च्या गंजलेल्या होत्या नाहीतर आधीच्या मालकांची लाइनच लागलेली. गुरखा एकच बघितली, गाडी सुंदर, पण सव्वापाच सांगितले आणि खाली यायला तयार नाही. डस्टर त्याच्या चढणीवर पावसात टिकेल का याची मला खात्री वाटत नाही, गोण्या टाकून तर नाहीच. म्हणून आम्ही एमपीएफआय जिप्सीवर आलोय, सॉफ्ट टॉप, स्टॉक, एकाच मालकाची, देशावरची, कोकणातली नाही. हाच भाऊ एका गाडीवर घर चालवणारा असता तर मी त्याला अजून लाख-दीड लाख जमवून २०१५ नंतरच्या थारसाठी थांब म्हणालो असतो, आणि गावातच राहणारा, मिस्त्रीशी दोस्ती असलेला असता तर दोन लाखांत एमएम ५४० घेऊन उरलेले पैसे तिच्यावरच खर्च कर म्हणालो असतो.

फलटणची एक जिप्सी फोनवर बरी वाटतेय, २०१२ ची, तीन लाख साठ सांगितलेत. रविवारी सकाळी लवकर निघतोय, आधीच सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन बघायचंय. गाडीत चटई, बॅटरी, छोटी हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि ऑइल बघायला पांढरा कागद टाकलाय. टोकनचे पैसे मुद्दाम घरी ठेवलेत.